इंजिन बसले, पण गाडी झाली का?

मंडळी, यंदाच्या गणपतीत आरास, स्टेजच्या फळ्या आणि महाप्रसादाची मोठाली पातेली हॉलवर घेऊन आलेली ती चौकोनी, जुनी टोयोटा आपण सर्वांनी पाहिली. आदल्या वर्षी हीच गाडी चढावर धूर सोडत, मागच्या मोटारींचा रोष ओढवून घेत कशीबशी पोचली होती. "हिला झाले तरी काय?" असे इतक्या जणांनी विचारले की शेवटी लिहूनच द्यावे असे ठरले. आम्ही म्हणजे तीन घरे, दोन ब्लॅकटाउनची आणि एक सेव्हन हिल्सचे. गाडी तिघांच्या सामाईक मालकीची आणि तिचे इंजिन आम्ही घरच्या ड्राइव्हवेमध्ये बदलले. लागले दहा महिन्यांचे शनिवार-रविवार.

हा लेख फुशारकीसाठी नाही. आपल्यातली बरीच तरुण मुले हल्ली जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेतात आणि 'इंजिनच तर बदलायचे आहे' असे म्हणतात. आम्हीही तसेच म्हणत होतो. इंजिन बदलणे हा त्या कामाचा निम्मासुद्धा भाग नाही, हे आम्हाला एका रविवारी दुपारी कळले. ते पुढे येईलच.

उंच बॉनेटची गोष्ट

आधी थोडे मागे जाऊ. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला महिंद्रची जीप आठवत असेल. जिल्हा परिषदेची, पोलिसांची, साखर कारखान्याची, लग्नात वऱ्हाडाने भरलेली. त्या जीपचे बॉनेट कपाळ वर काढल्यासारखे उंच का होते, याचा कधी विचार केला आहे? ते एका इंजिन-बदलाचे फळ आहे. महायुद्धातल्या विलीज जीपचे इंजिन बुटके होते. त्याच्या दोन्ही झडपा बाजूला, ब्लॉकमध्ये असत. पुढे विलीज कंपनीने तेवढ्याच, म्हणजे २.२ लिटरच्या आकारात आत घेण्याची झडप वर हेडमध्ये नेली. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. तेव्हा कंपनीने सरळ जाळी आणि बॉनेट उंच केले. ते १९५३ सालचे सीजे-३बी मॉडेल. अमेरिकेत ते केव्हाच बंद झाले, पण आपल्याकडे महिंद्रने तोच चेहरा पुढे कित्येक वर्षे चालवला.

महिंद्र ही १९४५ साली सुरू झालेली, मुळात पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिने माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले आणि गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्याचा सपाटा सुरू झाला. कुणी सिम्पसनचे पर्किन्स बसवले, कुणी पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे. महिंद्रने स्वतःही प्यूजोच्या परवान्याने २,११२ सीसीचे डिझेल इंजिन इगतपुरीला बनवून जीपमध्ये घातले. आमच्यातल्या एकाचे तरुणपण नाशिकजवळच्या अशाच एका गॅरेजात गेले. फाउंडेशनचे पत्रे कापायचे, वेल्डिंग मारायचे, चेन ब्लॉकने इंजिन उतरवायचे, जीप दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. हे ज्ञान आम्ही सामानाबरोबर इथे आणले होते, आणि आमचा सगळा भरवसा त्याच्यावर होता.

टोयोटाची कुळकथा

आमची गाडी १९८२ सालची लँड क्रूझर, एचजे-४७. पुढे बसायची सोय, मागे उघडा हौदा. तिचे कूळ जीपच्याच शेजारचे. १९५१ साली टोयोटाने जीपच्या धर्तीची गाडी बनवली, तेव्हा तिच्यात आपल्या ट्रकचे ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घातले. फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत ती गाडी चढली आणि तिचे नाव झाले. १९५४ पासून तिला लँड क्रूझर म्हणू लागले. म्हणजे छोट्या चौकटीत मोठे इंजिन हा संस्कार हिच्या जन्मापासूनचा.

इथे ऑस्ट्रेलियात ती रुजली ती स्नोई माउंटन्सच्या जलविद्युत योजनेमुळे. १९४९ ते १९७४ चाललेल्या त्या कामावर जगभरातून स्थलांतरित आले होते. त्या योजनेचे मोठे कंत्राटदार लेस्ली थीस यांनी १९५०च्या दशकाच्या शेवटी लँड क्रूझर मागवायला सुरुवात केली. १९६० साली आलेली तिची ४० मालिका १९८४ पर्यंत निघत होती. आज त्यातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा चाळिशी ओलांडलेली आहे.

आमच्या गाडीत मूळचे २एच डिझेल होते. ३,९८० सीसी, सहा सिलिंडर, ताकद साधारण शंभर अश्वशक्ती. इंजिन गुणी, पण थकले होते. तेल खात होते, आणि चार गिअरच्या पेटीमुळे मोटरवेवर कानठळ्या बसायच्या.

इंजिन कोणते निवडावे

अनेक जण या गाडीत व्ही-८ पेट्रोल घालतात. आम्ही तो मोह टाळला. पेट्रोलची गाडी डिझेलवर किंवा डिझेलची पेट्रोलवर न्यायची म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर आणि वायरिंग सगळेच बदलावे लागते. आम्ही त्याच घराण्यातले १२एच-टी निवडले. तितक्याच सीसीचे, पण टर्बो लावलेले आणि डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे. ताकद साधारण १३५ अश्वशक्ती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते ६० मालिकेच्या लँड क्रूझरमध्ये येत असे. घराणे एकच असल्याने बेल हाउसिंग आणि फाउंडेशन जुळते, कापाकापी वाचते. त्याच ६० मालिकेतली एच५५एफ ही पाच गिअरची पेटीही आम्ही घेतली.

पहिले इंजिन मोडीत काढलेल्या गाड्यांच्या एका यार्डातून आणले. "चालू स्थितीत" असे सांगितले होते, आम्ही विश्वास ठेवला. घरी आणून, स्टँडवर बांधून, पाणी भरून चालवले तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेडला चीर गेली होती. पैसे परत मिळाले नाहीत. नाशिकच्या गॅरेजात ओळखीच्या माणसाकडून माल यायचा, शब्दाला किंमत असायची. इथे शब्दापेक्षा चाचणीला किंमत द्यावी हे शिकलो. दुसऱ्या वेळी पैसे देण्याआधी सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले, तेलाच्या टोपीखाली दुधाळ साय आहे का ते पाहिले, टर्बोची दांडी बोटाने हलवून पाहिली आणि पावतीवर इंजिनाचा नंबर लिहून घेतला. ती पावती पुढे फार उपयोगी पडली.

इंजिनाच्या मागची साखळी

आता मुख्य गोष्ट. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ती एका साखळीतून. क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, तिथून पुढे आणि मागे एकेक प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरन्शिअल आणि शेवटी अॅक्सल. साखळीतली एक कडी बदलली की बाकीच्या कुरकुरतात. पाटा-वरवंटा काढून मिक्सर आणला तर ओट्यावर जागा लागते आणि भिंतीत प्लगही लागतो, तसेच हे.

क्लच जुन्या ताकदीच्या मापाचा होता, तो टर्बोपुढे घसरला असता, म्हणून जाड बदलला. पाच गिअरची पेटी लांब असल्याने ट्रान्सफर केस मागे सरकला. त्यामुळे पुढचा शाफ्ट आखूड पडला आणि मागचा लांब झाला. हे दोन्ही शाफ्ट घरी वेल्डिंग मारून करायचे काम नाही. व्यावसायिकाकडून कापून, जोडून, बॅलन्स करून आणले. वाकडा शाफ्ट ताशी ८० किलोमीटरला गाडी थरथरवतो आणि क्रॉस तोडतो. तुटलेला शाफ्ट रस्त्यावर आपटला तर काय होईल ते सांगायला नको.

डिफरन्शिअल मात्र मूळचेच, ४.११चे ठेवले. त्याचे गणित मुलांनी वहीत मांडले. आमच्या टायरची एक फेरी म्हणजे साधारण अडीच मीटर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६६५ फेऱ्या मारते. त्याला ४.११ने गुणले की चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे २,७०० फेऱ्या होतात. पाचवा गिअर ०.८४५चा, म्हणजे त्याच वेगाला सुमारे २,३००. मिनिटाला चारशे फेऱ्या कमी. कानाला, खिशाला आणि इंजिनाला तेवढाच आराम. शाळेतले त्रैराशिक असे कामाला आलेले पाहून घरातल्या आयांनाही समाधान वाटले.

बाकी बारीकसारीक गोष्टींची यादी मोठी आहे. टर्बोची उष्णता जास्त, म्हणून जाड रेडिएटर. टर्बोतून तेल परत येणारी नळी खालच्या दिशेनेच उतरली पाहिजे, नाहीतर तेल तुंबते. २एचला प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग, तर १२एच-टीला हवा आत येते तिथे हीटर, म्हणून तेवढे वायरिंग वेगळे. या जुन्या डिझेल गाड्यांचे स्टार्टर १२ व्होल्टचे आहेत की २४चे, हेही आधी पाहावे.

तो रविवार

सहा महिन्यांनी इंजिन सुरू झाले. आनंदाने पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. घरातल्या मुलाने गाडी ड्राइव्हवेमधून दहा-पंधरा फूट मागे घ्यायची असे ठरले. आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. गाडी हलली, उताराला लागली आणि आतून आवाज आला, "काका, पॅडल दगडासारखं झालंय! दाबलंच जात नाही!"

ब्रेक लागत नव्हते. त्याने हँडब्रेक ओढला आणि गाडी फुटपाथच्या अलीकडे थांबली. त्या वेळी फुटपाथवर कुणी नव्हते, एवढेच आमचे नशीब.

झाले होते असे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना पोकळी तयार करते, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तशी पोकळी नसते, म्हणून अल्टरनेटरच्या मागे एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. त्या पंपाची नळी आम्ही जोडायची विसरलो होतो. विसरलो का? कारण नाशिकच्या गॅरेजातल्या जीपला बूस्टरच नव्हता. तिथे ब्रेक म्हणजे पायाची ताकद. जे तिथे नव्हते ते आमच्या हाताला आठवले नाही. वाचवले ते मात्र तिथल्याच ज्ञानाने. जुन्या जीपसारखाच या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सुटा असेल तर हँडब्रेक ओढूनही काही उपयोग नाही, म्हणून गाडी हलवण्याआधी शाफ्ट जोडलाच पाहिजे असा आग्रह आमच्यातल्या जीपवाल्याने धरला होता. नाहीतर हा लेख वेगळा झाला असता.

त्या संध्याकाळी तीनही घरे एकत्र बसली. घरातल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "इंजिन बसले म्हणता, पण गाडी झाली का?" उत्तर नव्हते. तेव्हापासून नियम केला. प्रत्येक कामाची यादी भिंतीवर, काम करणारा एक आणि तपासणारा दुसरा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली हातात घ्यायची नाही.

कागद हाही गाडीचा भाग

भारतातही मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या परवानगीने करून आरसी बुकात नोंदवावा लागतो. किती जण तसे करत, ते आपण जाणतोच. इथे तसे चालत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये मूळ मॉडेलला कंपनीने कधी न दिलेले इंजिन घातले तर परवानाधारक सर्टिफायरकडून दाखला घ्यावा लागतो. ब्रेक, वजन, धूर, आवाज आणि फाउंडेशनची मजबुती तो तपासतो. बदलाची राष्ट्रीय नियमावली व्हीएसबी-१४ या नावाने प्रसिद्ध आहे. इंजिन गाडीपेक्षा जुन्या प्रदूषण-मानकाचे असू नये, हे त्यातले एक साधे सूत्र.

आमची चूक अशी की आम्ही काम निम्मे झाल्यावर सर्टिफायरकडे गेलो. त्याने दोन ब्रॅकेट पुन्हा करायला लावले. आधी गेलो असतो तर दोन महिने वाचले असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सर्टिफायर, मग पाना. दाखला मिळाला की ब्लू स्लिपची तपासणी, मग सर्व्हिस एनएसडब्ल्यूमध्ये नव्या इंजिनाच्या नंबरची नोंद. आमची ती पावती इथे कामी आली. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर भरपाई नाकारली जाऊ शकते.

तीस वर्षांवरच्या, बदल केलेल्या गाड्यांसाठी मान्यताप्राप्त क्लबमार्फत क्लासिक वाहन योजना आहे. तिच्यात लॉगबुकात नोंद करून वर्षातले ६० दिवस गाडी कमी खर्चात चालवता येते. वर्षातून चार वेळा मंडळाचे सामान आणि दोन सहली, एवढ्याला ती पुरते.

घरी काम करणाऱ्यांसाठी

जुन्या क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग आणि पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ऑस्ट्रेलियात त्यावर २००३ अखेरपासून पूर्ण बंदी आहे, पण गाड्या त्याआधीच्या आहेत. ती धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, योग्य मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा. जुने तेल आणि कूलंट गटारात ओतू नका. कूलंट गोड लागते, शेजारच्या कुत्र्याला ते विष आहे. विजेची हत्यारे रविवारी सकाळी आठच्या आत आणि रात्री आठनंतर बंद. आमच्या शेजारच्या माल्टीज आजोबांनी दहा महिने एकदाही तक्रार केली नाही. त्यांना दिवाळीचा फराळ दर वर्षी जातो, आणि एक चेन ब्लॉकही त्यांचाच वापरला.

खर्चाचे विचाराल तर ढोबळ हिशोब असा. इंजिन आणि गिअरबॉक्सला जेवढे लागले, साधारण तेवढेच शाफ्ट, क्लच, रेडिएटर, ब्रेक आणि दाखला यांना लागले. चीर गेलेल्या पहिल्या इंजिनाचे पैसे वेगळे. हातात इंजिनापुरतेच पैसे असतील तर काम सुरू करू नका. ब्लॅकटाउनच्या कितीतरी आवारांत ताडपत्रीखाली अशा अर्धवट गाड्या पडून आहेत.

पहिली खरी परीक्षा

दाखला हाती आल्यावर आम्ही गाडी कुराजाँगपलीकडे बेल्स लाइन ऑफ रोडवर, बेलबर्ड हिलच्या चढाला नेली. आपल्या कसारा घाटाची आठवण यावी असा तो चढ. पूर्वी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत जायची, आता तिसऱ्यात गेली. पाण्याचा काटा जागचा हलला नाही. परत उतरताना ब्रेक दोनदा मुद्दाम दाबून पाहिले.

एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली, ती आपल्या मुलांना आधी कळावी म्हणून सांगतो. ज्या मुलाने सर्वांत जास्त काम केले, वहीत गणित मांडले, त्या रविवारी हँडब्रेक ओढला, त्याच्याकडे अजून हिरवी 'पी' पाटी आहे. ताकद वाढवण्यासाठी इंजिनात बदल केलेली गाडी लाल किंवा हिरव्या पाटीवाल्यांना या राज्यात चालवता येत नाही. दाखला घेताना हे कळले. त्याचा चेहरा उतरला. "मी ब्लॅकटाउनच्या ब्लॅकटाउनमध्ये तरी चालवतो ना, काका, कोण बघतंय?" असे त्याने विचारले. आम्ही नाही म्हणालो. कागद गाडीचा भाग आहे असे आपणच म्हणायचे आणि घरच्या मुलाला सूट द्यायची, हे बरे नव्हे. तो दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

गणपतीच्या दिवशी तो शेजारच्या सीटवर बसला, मांडीवर मूर्तीचा पाट धरून. त्याची पूर्ण लायसन्सची तारीख पुढच्या मार्च महिन्यात आहे. पाडव्याच्या कार्यक्रमाचे सामान तोच आणील. हॉलचे दार उघडायला आणि फळ्या उतरवायला चार माणसे तेवढी लागतील. ज्यांना बॉनेटखाली डोकावायचे असेल त्यांनी अर्धा तास लवकर यावे.